काका, पाठ त्याला मिळाली

काका, तुमचा पट्ठा काल भेटला. भेटला म्हणजे तो स्टेजवर होता आणि मी खाली पहिल्या रांगेत. एम. पी. नगरमधल्या हॉटेलचा हॉल, हॉल घेतलेला माझ्याच कंपनीने, सगळीकडे माणसं माझीच, आणि सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. हे सगळं माझ्या मुलीने ठरवलं होतं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आता ती माझ्याबरोबर धंदा बघते. पाण्याच्या पंपांचा धंदा आहे, सीहोर, विदिशा, रायसेनपर्यंत आपले डीलर आहेत. ती म्हणाली, "बाबा, हे अरेरा कॉलोनीत फिटनेस सेंटर चालवतात आणि कंपन्यांमध्ये जाऊन व्यायामावरून धंदा शिकवतात. सेल्सच्या मुलांसाठी आपण यांना वर्षभर घेऊ या. तुम्ही एकदा ऐका आणि हो की नाही तेवढं सांगा." तिने मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. मी फक्त बरं म्हटलं. या माणसाला मी लंगोटात पाहिलंय, हे काही मी तिला सांगितलं नाही.

पहिल्याच मिनिटाला मला राग आला तो त्याच्या पोटाचा. आमचं वय एकच, काका. माझं पोट शर्टाची बटणं अजमावत असतं आणि गुडघे जिना चढताना हिशेब मागतात. तो मात्र तसाच सरळ, तसाच हलका, तुमच्या मल्लखांबावरून आत्ताच उतरून कोट चढवल्यासारखा. बोलायला लागला हिंदीत, मधूनमधून इंग्रजी. मग एकदम थांबला, हॉलवर नजर फिरवली आणि म्हणाला, "चढ़ने से पहले उतरना सीखो." माझ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझा विदिशाचा माणूस, जो माझ्यासमोर जांभई देतो, त्याने ते वाक्य लिहून घेतलं. हे वाक्य मी त्याला गेली कित्येक वर्षं सांगतोय. पण मी ते खुर्चीत बसून, चहा पिता पिता सांगतो, त्यामुळे त्याला ते म्हाताऱ्याचं बोलणं वाटतं.

वाक्य तुमचं. कोटऱ्याच्या सरकारी कॉलनीत गणेश मंडळाच्या खोलीमागे तो सागवानी खांब पुरलेला, सचिवालयात जायच्या आधी तुम्ही सकाळी तिथे यायचे, हाफपँट आणि बनियनमध्ये. सख्खे काका तुम्ही कोणाचेच नव्हता, पण नागपूरहून बदलून आलेल्या सगळ्या घरांतली पोरं तुम्हाला काकाच म्हणायची. नवा पोरगा आला की तो धावत जाऊन खांबाला मिठी मारणार, आणि तुम्ही त्याला कॉलरला धरून मागे ओढणार. "चढू नको बे. चढणं तं माकडही चढते. आधी उतरून दाखव." मग तुम्ही स्वतः त्याला उचलून वर ठेवायचे, आणि पुढचे कितीतरी दिवस तो नुसता उतरायचा. घरी गेल्यावर आई विचारायची, आज काय शिकलास, तर काय सांगणार, खाली यायला शिकलो. माझे वडील हसले होते. पण मी धंद्यात पडल्यावर जी पहिली शाखा काढली, सीहोरला, ती उघडायच्या आधी मी ठरवून ठेवलं होतं की काय झालं म्हणजे ही बंद करायची, माल कुठे हलवायचा, तिथल्या पोरांना कुठे लावायचं. तसं झालं, आणि मी शाखा बंद केली, आणि एकाही माणसाने मला रस्त्यात गाठलं नाही. पुढे पुन्हा उघडली ती आजपर्यंत चालू आहे. माझ्या बरोबरीचे दोघेतिघे मोठ्या तोऱ्यात वर गेले आणि वरच अडकून बसले.

तेलाचंही तसंच. खांबाला तुम्ही एरंडेल लावायचे आणि ते काम कोणालाच द्यायचे नाहीत. कमी लावलं तर मांड्या सोलून निघायच्या, जास्त झालं तर पोरगा सरसर खाली. डीलरला सूट देताना मी अजून तुमचा तो तेलाचा हात आठवतो. कोरडं ठेवलं की तो दुसऱ्या कंपनीकडे जातो. चोपडून ठेवलं की हातात राहत नाही. हे मला कोणत्याही स्टेजवर सांगता आलं नसतं. तुमच्या पट्ठ्याने काल सांगितलं. पडद्यावर खांबाचं चित्र, खाली तेलाचा डबा, आणि माझी मुलगी मान डोलावतेय. मी तिच्याकडे बघितलं तर ती कुजबुजली, "किती साधं आहे ना बाबा, आपल्याला कसं सुचलं नाही?"

मग पडद्यावर तुम्ही आलात. काका, त्याच्याकडे तुमचा फोटो आहे. माझ्याकडे नाही. काकू गेल्यानंतर मी तुमच्या मुलाकडे नागपूरला दोनदा निरोप पाठवला होता, एक फोटो असला तर द्या म्हणून. तो म्हणाला, बदल्यांमध्ये सगळं गेलं. आणि इथे तुम्ही भिंतीएवढे मोठे, खांबाकडे पाठ करून उभे, हाताची घडी, नजर समोरच्या पेरूच्या झाडावर. मागे खांबावर धूसरसा तो, उलटा. आणि फोटोच्या कडेला, तुमच्या खांद्याशी, कोणाचं तरी कोपर. कोपराला तोंड नसतं, त्यामुळे हॉलमधल्या कोणाला ते ओळखू आलं नाही.

पाठ. आपल्या अंगणातला सगळ्यात मोठा मान तोच होता. पोरगा वर असला की तुम्ही खाली दोन्ही हात पसरून उभे राहायचे, हात कधी खाली नाहीत, बोलणं कधी बंद नाही. शिव्या, टोमणे, "पाय लांब कर बे, ते काय पाय आहेत की सुकले दोडके." आणि एखाद्या सकाळी, काही न सांगता, तुम्ही वळायचे. खांबाकडे पाठ, तोंड पेरूकडे. वरच्याला कळायचं की आता आपण आपले. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर व्हायचं, त्याला पाठ मिळाली. त्याच्या घरी साजूक तुपाचा शिरा व्हायचा. तुमच्या पट्ठ्याला पाठ सगळ्यांच्या आधी मिळाली, दिसायलाही तो तसाच होता, वेलीसारखा.

मला कधीच मिळाली नाही. माझे तळवे घामाचे, अंग जड. अढी घालायला गेलो, म्हणजे मांड्यांनी खांब धरायला, की खांब मला सोडून द्यायचा. तुम्ही मला कधी रागावलाही नाहीत, आणि हेच मला लागायचं. ज्याच्याकडून काही होणार आहे त्यालाच तुम्ही झापायचे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मला तुम्ही एक दिवस बाजूला घेतलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणालात, "वर कोण आहे सांग." मी आवाजावरून सांगितलं. "त्याचा दम कसा आहे?" मी म्हटलं, अडकतोय. तुम्ही वर बघितलं आणि त्या पोराला खाली घेतलं. त्या दिवसापासून माझी जागा ठरली, तुमच्या मागे, खांद्याशी, डोळे मिटून. वरच्याचा श्वास अडकला की तुमच्या खांद्याला हात लावायचा. पोरं मला घंटी म्हणायची. "घंटी, आज कोणाची शाळा सोडवतोस?" मी पण हसायचो. हसणं मला पहिल्यापासून जमतं.

कान मात्र राहिले, काका. डीलर फोनवर म्हणतो, "माल मस्त चल रहा है सेठ," आणि ‘मस्त’च्या आधी त्याचा श्वास ज्या तऱ्हेने अडतो त्यावरून मला कळतं की गोदाम भरलेलं आहे. मी दुसऱ्या दिवशी गाडी काढतो. माझा सगळा धंदा या कानांवर उभा आहे असं म्हटलं तरी चालेल. पण मला कोणी विचारलं असतं, कान हवेत की ती पाठ, तर मी आजही विचार केला नसता.

भाषणाच्या शेवटी त्याने ती सकाळ काढली. त्याची मोठी सकाळ. तो वर, खांबाच्या टोकाला, बोंडावर एका हाताने तोललेला, पाय आभाळाकडे, तुमची पाठ. त्याचा हात सुटला. "और काका ने, बिना देखे, पलटकर मुझे झेल लिया," तो म्हणाला. "गुरु को देखना नहीं पड़ता. लीडर को देखना नहीं पड़ता." हॉल उभा राहिला. मी बसून राहिलो. त्याचा हात सुटायच्या आधी त्याचा श्वास सुटला होता आणि तो मी ऐकला होता. तुमच्या खांद्यावर मी हात ठेवला नव्हता, मारला होता. तुम्ही वळलात तेव्हा तो पुरता निसटलाही नव्हता. तरी गोष्टीत फक्त दोघंच होते, तो आणि तुम्ही. पण एक सांगतो, ‘बिना देखे’ म्हणताना त्याची नजर माझ्यावर आली, आणि तिथे त्याचा श्वास अडला. एवढासा. बाकी कोणाला ऐकू जायचं कारण नव्हतं.

चहाच्या वेळी मी मुलीला लांब जाऊ दिलं. नकार द्यायचा हे माझं ठरलेलं होतं, कारणही तयार होतं, सीझन तोंडावर आहे म्हणून. तो हातात कप घेऊन सरळ माझ्याकडे आला.

"क्या खां, घंटी," तो कॉलनीतल्या जुन्या बोलीत म्हणाला. "तू तर पुरा सेठ झालास."

"आणि तू बाबा झालास. भक्तगण मोठा आहे."

"तुझाच आहे. आज उधार घेतला." तो हसला, मग हसू तसंच ठेवून म्हणाला, "चिडलास."

"मी कशाला चिडू? गोष्ट छान सांगतोस. काकांना पाठीला डोळे होते हे मला नव्हतं माहीत."

"काकांना कान नव्हते, ते तरी माहीत होतं का?"

तो म्हणाला, तुमचा एक कान पहिल्यापासून गेलेला होता आणि दुसरा जायला लागला होता. आधी तुम्ही पाठ करायचे ती कानाच्या भरवशावर, नुसतं ऐकून तुम्हाला कळायचं कोण कुठे चुकतंय. ते जमेनासं झालं तेव्हा तुम्ही वर्षभर कोणालाच पाठ दिली नाहीत. मग मला मागे उभं केलंत. मी ऐकत होतो, आणि मला तुमचं ते सारखं "काय म्हणतं? पुन्हा सांग बे" आठवत होतं. आम्हाला वाटायचं तुम्ही आम्हाला स्पष्ट बोलायला शिकवताय. एवढे माझे कान, आणि हे मला ऐकू आलं नाही.

"पडलो त्या दिवशी मी त्यांना विचारलं," तो म्हणाला. "काका, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, मले काय कळते? तो उभा असला तं मले पाहाची गरजच नाही पडत." त्याने चहाचा घोट घेतला. "मला पाठ दिली म्हणून शिरा झाला आमच्या घरी. ती पाठ त्यांनी तुझ्या जिवावर फिरवली होती. स्टेजवर हे सांगितलं तर माझं काय राहतं, सांग."

आता तुम्हाला वाटेल की झालं, पोराचं समाधान झालं. नाही झालं, काका. पूर्वी मला त्या पाठीचा हेवा वाटायचा. आता हे वाक्य त्याच्याकडे होतं याचा वाटतो. माझ्याबद्दलचं एवढं एकच बोलणं, आणि तेही तुम्ही त्याला सांगितलंत. मी तर हाताच्या अंतरावर उभा असायचो. कोटऱ्यापासून सचिवालयाच्या बसपर्यंत रोज तुमची पिशवी धरून चालायचो, आणि तुम्ही मला भाजीचे भाव सांगायचे. इतकी वर्षं माझी वस्तू त्याने सांभाळली, त्याच्याबरोबर ती अरेरा कॉलोनीत राहिली, त्याला वाटेल तेव्हा त्याने ती काढून बघितली असेल. रात्रभर हेच घोळत राहिलं. त्याला सांगितलंत कारण तो घाबरला होता आणि त्याला पुन्हा वर चढवायचं होतं, हे मला कळतं. माझ्या माणसांबरोबर मी तेच करतो, एकाचं कौतुक दुसऱ्यापाशी. कळतं, तरी चावतं.

गाडीत मुलीने विचारलं, "मग, हो की नाही?"

"हो."

"खरंच? मला वाटलं तुम्हाला आवडलं नाही. तोंड कसं केलं होतं तुम्ही."

"उतरायला चांगलं शिकवतो," मी म्हटलं. "आणि त्याच्या बोलण्यात एक माणूस कमी आहे, तो मी पुढच्या वेळी भरून देईन." तिला काही कळलं नाही. घरी आल्यावर ती स्पीकर लावून विदिशाच्या डीलरशी फोनवर बसली आणि नेहमीप्रमाणे मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो, समोरच्याचा श्वास ऐकायला. ती बोलता बोलता थोडी पुढे सरकली, आणि माझ्याकडे न बघता कागद चाळत राहिली. मी तिथेच थांबलो, खांद्याशी.

हे लिहून कुठे टाकणार? तुमचं क्वार्टर पाडलं, पेरू गेला, खांबाच्या जागी मंडळाची पाण्याची टाकी आहे, तिला पंप मीच दिलाय. कागद माझ्यापाशीच राहील. फक्त एक गोष्ट राहिली, ती तुम्हाला सांगून टाकतो, कारण तुम्हीच ती समजू शकाल. चहाच्या वेळी तुमच्या पट्ठ्याने माझ्याबद्दलचं ते तुमचं वाक्य सांगितलं, ते मला पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं होतं, शब्दन् शब्द, अगदी तुमच्या आवाजात. तरी मी कानाला हात लावला, हॉलमधल्या गोंगाटाकडे बघून तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, काय म्हणालास? पुन्हा सांग बे.