बाकं वाजली तेव्हा

घर, ता. ३ जुलै

चि. बाळ्या ऊर्फ मंत्रिसाहेब यांस आईचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तुझ्या पक्षातल्या लोकांपेक्षा कमी. लेखणी नेहमीप्रमाणे तुझ्या लेकीच्या, भिंगरीच्या हातात आहे. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या धर, बाकीच्या माझ्या. फोन का करत नाहीस असं विचारू नकोस. फोन तुझा सहायक उचलतो आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो. पाकिटावर 'घरचं' असं लिहिलं की ते तुझ्याच हातात पडतं, एवढं राजकारण मीही शिकले आहे.

शाळेच्या फाटकावर तुझा फोटो लागला आहे, हात जोडलेला. खालची अक्षरं भिंगरीने वाचून दाखवली. शाळेत कोणी कोणाला छळू नये, असं तू सांगतो आहेस म्हणे. चांगलं सांगतोस. पण गेल्या आठवड्यात तुला टीव्हीवर सभागृहात पाहिलं. समोरच्या बाजूचे ते म्हातारे बोलता बोलता पाणी प्यायला थांबले, ग्लास धरलेला हात कापत होता. तू उठलास आणि आपला ग्लास तसाच कापत कापत तोंडाशी नेलास. तुझ्या बाजूच्यांनी बाकं बडवली. मला ते आवडलं नाही, बाळ्या. हे लिहिताना भिंगरी फिदीफिदी हसते आहे, तेही आवडलेलं नाही.

काल तिच्या वर्गबाई येऊन गेल्या. चहा नको म्हणाल्या. भिंगरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परीक्षा जवळ आली एवढंच बोलून उठल्या. परीक्षा जवळ आली हे सांगायला कोणी भर पावसात चालत येत नाही. भिंगरी म्हणते, आजीला उगाच संशय. असेल.

माया आहेच, तुला विसर पडू नये म्हणून कळवते.

तुझी आई

ता. ९ जुलै

ती. आईस, बाळ्याचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून करमणूक झाली. आई, सभागृहात समोरच्याने एक चिमटा काढला तर आपण दोन काढायचे असतात. नाही काढले तर लोक म्हणतात, ह्याच्या तोंडात जीभच नाही. ते म्हातारे पक्के मुरलेले आहेत. सभागृहाबाहेर कॅन्टीनमध्ये माझ्या पाठीवर थाप मारतात. त्या दिवशी नाही मारली, पण घाईत असतील.

आनंदाची बातमी म्हणजे मोहिमेचं उद्घाटन २८ तारखेला आपल्याच शाळेत ठरलं आहे. मुलांच्या वतीने भिंगरी बोलेल. भाषण ऑफिसने लिहून पाठवलं आहे, तिने फक्त पाठ करायचं. तू पहिल्या रांगेत बस. कॅमेरे असतील, तेव्हा मधेच उठून मला कान धरून नेऊ नकोस.

गुडघ्याला शेक दे आणि माझ्यावर राग धरू नकोस.

तुझा, बाळ्या

ता. १३ जुलै

चि. बाळ्यास आशीर्वाद, आज जरा हात राखून.

अक्षर वेगळं दिसेल. आजचा मजकूर भिंगरीबद्दल आहे, म्हणून लेखणी तिला दिलेली नाही. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही.

मी शाळेत जाऊन वर्गबाईंना गाठलं. वर्गात एक मुलगी आहे. तिचा हात लहानपणापासून कापतो. डोकं एकदम लख्ख, गणितात सगळ्यांच्या पुढे, पण फळ्यावर लिहायला गेली की रेघ नागमोडी होते. इतकी वर्षं त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. तुझा तो ग्लास टीव्हीवर दिसल्यापासून भिंगरी आपली पाण्याची बाटली तशी उचलून दाखवते आणि सगळा वर्ग बाकं बडवतो. मुलगी फळ्याशी गेली की बडवतो, हजेरीला उभी राहिली तरी बडवतो. तिने आधी शाळेत पाणी पिणं सोडलं. मग शाळा सोडली.

बाईंनी जाब विचारला तेव्हा भिंगरीने सांगितलं की बाबांनी केलं तर मोठी माणसंसुद्धा बाकं वाजवतात. बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक म्हणतात, मंत्र्यांच्या मुलीला आम्ही काय बोलणार, त्यातून २८ तारीख तोंडावर.

तू लहानपणी 'क'ला 'त' म्हणायचास. पोरं तुला 'ताता' म्हणून हाका मारायची आणि तू शर्टाची कॉलर चावत घरी यायचास. तू विसरला असशील. मला लिहिता येत नाही, त्यामुळे मला सगळं लक्षात ठेवावं लागतं.

ती मुलगी परत वर्गात बसणार का, एवढाच प्रश्न आहे. नाही बसली तर तिचं वर्ष गेलं. काय करणार ते कळव. उद्घाटनाचं नको, मुलीचं कळव.

तुझी आई

ता. १७ जुलै

ती. आईस सा. न. वि. वि.

भिंगरीशी फोनवर बोललो. गंमत केली म्हणते, आणि रडली. मुलं आहेत, आई, चालायचंच. तरी मी मुख्याध्यापकांना सांगून त्या मुलीला दुसऱ्या तुकडीत घालायला लावतो. हवं तर मोठ्या डॉक्टरकडे पाठवू. २८ तारखेपर्यंत मात्र हे घराबाहेर जाता कामा नये. एखाद्या पत्रकाराने ऐकलं तर सगळ्या मोहिमेचं हसं होईल.

आणि हा नवा लेखनिक कुठून पैदा केलास? अक्षर आहे की शाईत पडलेला मुंगळा कागदावरून चालत गेला आहे? आतलं कोणाला दाखवलं नाही, पण पाकिटावरचा पत्ता बघूनच ऑफिसात सगळे पोट धरून हसले, एकाने तर टेबल वाजवलं. त्याला म्हणावं, लिहिताना हात धरायला एक माणूस ठेव. लेखणी भिंगरीकडे परत दे.

काळजी करू नकोस. मी सगळं निस्तरतो.

तुझा, बाळ्या

ता. २० जुलै

चि. बाळ्या,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

तुझ्या आईला वाचता येत नाही, एवढं कसं विसरलास? जो माझं लिहितो तोच तुझं वाचतो. तुझं पत्र त्या मुलीने वाचलं.

त्या दिवशी शाळेतून मी थेट तिच्या घरी गेले होते. औषधाच्या दुकानावर दोन खोल्या, जिना उभा. आई नर्स आहे. ती ड्यूटीवर निघाली होती, दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मी माफी मागायला आले म्हटल्यावर म्हणाली, चूक तुमची नाही, तुम्ही कशाला मागता. तेव्हा आतून मुलगी म्हणाली की ज्यांची आहे त्यांना कळवा, मी लिहून देते. मग मी सांगत गेले, माझं चुकलं तिथे ती सुधारत गेली. पाणी सोडल्याचं तिने स्वतःच्या आईलाही सांगितलेलं नव्हतं. मुलीने मजकूर वाचून दाखवला तेव्हा तिच्या आईने ते ऐकलं, आणि त्या दिवशी ड्यूटीवर उशिरा पोचली.

काल तुझं उत्तर आलं म्हणून मी तिला बोलावलं. मुंगळ्यापाशी ती थांबली. मी कागद काढून घ्यायला हात पुढे केला, तर तिने तो बाजूला धरला आणि शेवटपर्यंत वाचलं. हसले ते वाचलं, टेबल वाजवलं ते वाचलं. आवाज चढला नाही की पडला नाही. भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बापाचे शब्द तिने त्या तोंडून ऐकले. तेव्हापासून जेवणावर वासना नाही. मीही आग्रह केलेला नाही.

अक्षराचं म्हणशील तर मला जगातली सगळी अक्षरं सारखीच काळी दिसतात. तुला फरक कळतो, आणि त्याचा तू हा उपयोग केलास.

तुकडी बदलायची नाही, असं ती म्हणते. डॉक्टर तिचे तिला आहेत. तू पाकिटातून माफी पाठवू नकोस, न फोडता परत येईल. जिथे बाकं वाजली तिथे उभा राहून बोल, त्या म्हाताऱ्यांकडे बघून. जमणार नसेल तर २८ तारखेला येऊ नकोस. आलास तर मी पहिल्या रांगेतच बसेन, आणि तू बोलायला उठलास की एकटी बाक बडवेन. मला अक्षर येत नाही, पण बाक येतं.

आशीर्वाद उरले नाहीत.

आई

ता. २३ जुलै

ती. आईस, आणि हे वाचणारीलाही, नमस्कार.

हे पत्र सहायकाने लिहिलेलं नाही, पाकीटही मीच चिकटवलं. वाचणारीला लिहायला बसलो. तीन कागद फाडले.

२५ तारखेला दुपारी टीव्ही लावा. पक्षात कोणाला विचारलेलं नाही, कारण काय सांगतील ते माहीत आहे.

बाळ्या

ता. २६ जुलै

चि. बाळ्यास,

आधी इकडचं सांगते. आज सकाळी फाटकावरचा तुझा फोटो उतरवला. शाळेचा शिपाई म्हणाला, मोहीम दुसऱ्या मंत्र्यांकडे गेली. तुला लागलं असेल. लागू दे.

मुलगी सोमवारी शाळेत जाणार, आपल्याच बाकावर. भिंगरी तिच्या दारापर्यंत जाऊन आली. दार उघडलं नाही. आज पुन्हा जाऊन जिन्यात बसून आली. मी तिला सांगितलं, दार त्यांचं आहे, उघडायचं की नाही ते त्या ठरवतील, पण बसायला जिना मोकळा आहे.

आता टीव्हीचं. आपल्याकडे आम्ही चौघी जमलो होतो. नर्सबाई उभ्याच होत्या, पण बाहेर गेल्या नाहीत. तू चुकलो म्हणालास, म्हाताऱ्यांचं नाव घेऊन म्हणालास. त्यांनी वर पाहिलं नाही. तुझ्या बाजूच्यांना वाटलं ही तुझी नवी कोपरखळी, त्यांनी बाकं वाजवायला सुरुवात केली. तू त्यांना थांबवायला हात वर केलास. हात कापत होता. भिंगरीने मान खाली घातली, तिला वाटलं बाबा पुन्हा तेच करताहेत. पण ही लिहिणारी पुढे सरकून टीव्हीजवळ गेली, नीट पाहिलं, आणि म्हणाली, ही नक्कल नाही, हा खरा आहे.

एकेक बाक गप्प होत गेलं. मग त्या म्हाताऱ्यांनी ग्लास उचलला. पाणी थोडं सांडलं, बाकीचं प्यायले.

मागच्या पत्रातले राहिलेले आशीर्वाद ह्यात घातले आहेत. अक्षराबद्दल काही म्हणायचं असेल तर म्हण; वाचणार तीच आहे.

तुझी आई