छातीला टेकलेलं व्हायोलिन

प्रिय कनका,

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन केला असता, पण फोनवर मी तुझं अर्धंच ऐकतो आणि उरलेल्याला ‘हो हो’ म्हणतो, हे तुला माझ्याआधी कळलं असणार.

परवा संगीत सभेच्या कॅन्टीनमध्ये रवा डोसा खात बसलो होतो. भोवती चार रसिक, म्हणजे मला चेव. विषय निघाला की यंदाच्या मार्गळी संगीत महोत्सवात तुझी संध्याकाळची मैफल काढून तुला भर दुपारी टाकलंय, रिकाम्या खुर्च्यांपुढे. मी म्हणालो, “टाकतील नाही तर काय! वर्षानुवर्षं त्याच जुन्या रचना आळवतेय पोरगी. मी झोपेतसुद्धा साथ करीन.” सगळे हसले. आपला मृदंगवाला पट्टाभी तेवढा हसला नाही. कानाशी येऊन ओरडला, “मामा, तिला नवं येत नाही, की तुम्हाला ऐकू येत नाही?”

त्याला गाढव म्हणून घरी आलो. व्हायोलिनचं एक टोक पावलावर, दुसरं छातीला टेकवलं आणि वाजवलं. स्वर लख्ख! खूश झालो. तरी शंका जाईना. मग व्हायोलिन तुझ्या मामीच्या, पंकजमच्या हातात दिलं, म्हटलं, समोर बसून नुसता गज ओढ. गज हलताना दिसला. आवाज मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखा. इतकी वर्षं मी माझंच वाजवणं हाडांतून ऐकत होतो गं. आणि पंकजम माझ्याशी ओरडून बोलते ती लग्न जुनं झालं म्हणून, असं समजत होतो!

कुंभकोणमच्या कॉफी हॉटेलात पेले विसळणारा पोरगा मी. पेला पडला की कुठल्या टेबलावरचा, ते पाठमोरा सांगायचो. ज्या कानांच्या जोरावर इथवर आलो, त्यांच्यावर संशय कसा घ्यायचा? आता एकेक आठवतंय आणि मान वर होत नाही. गाताना तू माझ्याकडे वळतेस. श्रोत्यांकडे बघत नाही म्हणून तुलाच बोल लागला. मांडीवर ताल देताना हात उगाच उंच नेतेस. माझी वाजवायची पाळी आली की खुणेला चटईवर हळूच बोटं टेकवतेस. बंगळूरला तिथल्या मुलाच्या व्हायोलिनसाथीवर गायलेली तुझी ती नवी पल्लवी लोकांनी डोक्यावर घेतली, इथे कधी काढली नाहीस. माझ्या हातांना जे पाठ आहे, तेवढंच गात राहिलीस. आणि मी तुला चारचौघांत शिळी ठरवून आलो.

काल सभेच्या सेक्रेटरींना जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ माझ्या कानांकडेच बघत होते. नवं गाणार असेल तर संध्याकाळ परत देतो म्हणाले. तू ‘मामांशिवाय नाही’ म्हणून अडून बसशील, म्हणून हे पत्र. साथीला त्या बंगळूरच्या मुलाला बोलाव. मी मागे तंबोरा घेऊन बसेन. दांडीला गाल लावला की सूर हाडांत उतरतो, तेवढं काम चोख करीन. तुझं गाणं मला ऐकू येणार नाही, त्याचं राहू दे. फक्त त्या दिवशी माझ्याकडे वळू नकोस. समोर बघून गा.

तुझाच,
सेतुमामा