मधमाश्यांना दोनदा सांगितलं

प्रिय मेविस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र थेट केराच्या टोपलीत टाकणार असशील, तर जरा दम धर! आईला पुरल्यापासून आपण बोललेलो नाही, मला ठाऊक आहे. पण आज जे हाती लागलंय ते तुझ्यावाचून कुणाला सांगू?

त्याचं असं झालं, चर्चच्या जत्रेसाठी गावाचा इतिहास लिहायचं काम पाद्रीबाईंनी माझ्या गळ्यात मारलं, म्हणून मी अभिलेखागारात जाऊन बसले. तिथे टॅबिथा रुकची डायरी निघाली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, आपल्याच गावची, ओढ्यापलीकडच्या शेतावरची! अगं, काय फटकळ बाई! नवऱ्याच्या घोरण्यावर अख्खं पान, आणि पाद्र्याच्या प्रवचनावर एकच ओळ: 'आजही संपलं नाही.' मी तोंडावर रुमाल धरून हसत होते.

मग सासूच्या मरणाचं पान आलं. घरात कुणी गेलं की मधमाश्यांना खबर द्यायची, नाहीतर त्या रुसून निघून जातात, ही आपल्या गावची रीत तेव्हाही होतीच. टॅबिथाने घराची किल्ली घेतली, मधपेटीवर ठोठावलं आणि मधमाश्यांना म्हणाली, 'म्हातारी गेली गं. आता मी तुमची मालकीण.' काळी फीत बांधली, केकचा तुकडा ठेवला. मागे वळते तर नणंद जेमायमा उभी, तिच्याही हातात किल्ली! ती पहाटेच सांगून गेली होती. मरण एक, खबर दोनदा, आणि मालकिणी दोन! आपणही आईच्या मधपेटीपाशी अशाच किल्ल्या नाचवत भांडलो ना? 'अरे, या तर आम्हीच!' मी चक्क ओरडले. तिथले व्यवस्थापक पिंडर धावत आले. 'बाईसाहेब, लोक इथे वाचायला येतात, लिलावाला नाही.' आणि मग स्वतःच माझ्या खांद्यावरून वाकून म्हणतात, 'बरं, पुढं काय झालं?'

पुढं काय, दोघींनी बोलणं टाकलं. उन्हाळ्यात मधपेटी रिकामी. भांडखोर घरात मधमाशी राहत नाही, असं गाव म्हणायला लागलं. आपण रिबिनीवरून भांडायचो तेव्हा आईही हेच ऐकवायची. शेवटी टॅबिथाच केक घेऊन नणंदेच्या दारात गेली. जेमायमाने आधी केकला नावं ठेवली, 'मधे कच्चाच, नेहमीसारखा!' आणि मग मुकाट्याने शाल पांघरली. दोघींनी एकच किल्ली धरून रिकाम्या मधपेटीवर ठोठावलं.

मेविस, आईची मधपेटी मार्चपासून गप्प आहे. मी रोज कान लावून बघते. मधाचं मला काही नाही गं, मला तू हवी आहेस. टॅबिथाच्या मधमाश्या परतल्या का, ते पुढच्या पानावर आहे, आणि ते पान मी उलटलेलं नाही. पिंडरना सांगून आलेय, शनिवारी दोन खुर्च्या लागतील. तू यॉर्कहून सकाळची बस धर. केक मी करते, नावं तू ठेव. आणि नंतर आईच्या बागेत जाऊ. किल्ली तुझीच आण, माझी मी घरी ठेवीन.

तुझीच,
आयव्ही