लंकेच्या राणीचे दोन मार्क

१६ एप्रिल १९६४
नववीचे नागरिकशास्त्राचे पेपर दाखवले. दोन मार्कांचा प्रश्न होता, लंकेचा राष्ट्रप्रमुख कोण? किरनापूरच्या शकुननं लिहिलं, इंग्लंडची राणी, तिच्या वतीनं गव्हर्नर जनरल. डोकं सणकलं माझं. स्वतंत्र देशात राणी? बेचाळीसला दोन महिने आत काढले ते काय यासाठी? भोपळा दिला. वर्गात वाचूनही दाखवलं. पोरं हसली. ती खाली मान घालून बसली.

३० एप्रिल
निकाल. शकुन दोन मार्कांनी नापास. तिचा बाप आलता, शेती सोडून. पास झाली असती तर पुढं शिकवली असती म्हणे. आता सोयरीक आली आहे, उरकून टाकतो म्हणाला. मी नियम सांगितला.

९ मे
वाचनालयात राज्यघटनांचं एक जाडं पुस्तक चाळलं. लंका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया. स्वतंत्र, तरी राष्ट्रप्रमुख राणीच! पोरगी बरोबर होती. आपल्याकडे राष्ट्रपती म्हणून तिकडेही असणार, असं मी धरून चाललो. एकदा पुस्तक उघडून पाहायले काय झालतं?

११ मे
हेडमास्तरले सांगितलं. "मास्टरजी, मार्क रजिस्टर में चढ़ गए, अब रहने दो।" मी ठीक म्हटलं. काहून म्हटलं?

१७ मे
किरनापूरले गेलतो. दारात मांडव. गुरुजी स्वतः आले म्हणून बापाले कोण आनंद! हळदीची शकुन पाया पडली. चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. पंगतीत बसलो, बुंदी खाल्ली, परत आलो. लाज वाटते.

२२ मे १९७२
रेडिओवर बातमी. लंका आजपासून गणराज्य, राणीचा संबंध संपला. आठ वर्षांनी माझं उत्तर बरोबर आलं. कोणाले सांगू?

४ जून
मोटार स्टँडवर शकुन. लांजीले दिलेली. लेक हाताशी. मीच आधी ओळखलं नाही. ती हसून म्हणाली, "गुरुजी, लंकेतली राणी गेली म्हणते रेडिओ. तुमचंच खरं निघालं. मीच येडी होती. पोरीले सांगून ठेवलं, गुरुजी सांगन तेच लिहाचं."
मी हौ म्हटलं. तिची गाडी गेली.
येत्या रविवारी लांजीले जाऊन सांगावं म्हणतो. सांगून तिची दहावी काही परत येत नाही. पण न सांगितलं तर ती जन्मभर स्वतःले येडी म्हणत राहील, अन् पोरीलेही तेच शिकवील.
पहिली गाडी सातची आहे.