पडद्याचा दोष

हारो, इलोइलो
५ सप्टेंबर

ती. मनांगला,

तुझा हात दुरूनच कपाळाला लावून आशीर्वाद घेतो आणि लिहायला घेतो.

आम्ही तिघं मजेत. मारिविकचं दुकान बरं चाललंय. लिरा यंदा पाचवीत गेली आणि दिवसभर प्रश्न विचारून आमचं डोकं खाते, अगदी तुझ्यावर गेलीय. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावर लिहीत जा, असं तू म्हणतेस. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या थोरल्या बहिणीपुढे आमचं काय चालणार! हे पत्र मियागावच्या जीपनी गाडीवाल्याबरोबर पाठवतोय.

बातमी म्हणजे मॉनिटर बदलायचा घाट घातलाय. सिडनीच्या ऑफिसने लॅपटॉप दिला, पण पडदा ज्याचा त्याने आणायचा असा त्यांचा नियम. माझं काम तुला ठाऊक आहे, त्यांच्या घरांचे नकाशे काढायचे, म्हणजे दिवसभर केसासारख्या रेघांशी गाठ. जुन्या पडद्यावर त्या रेघा मधेच विस्कटतात गं. परवा एका घराच्या न्हाणीघराला मी दारच ठेवलं नाही. काढलं होतं, कधीतरी पुसलं गेलं आणि मला दिसलंच नाही. तिकडचा साहेब पोट धरून हसला आणि वर म्हणाला की पुढच्या वेळी मी हसणार नाही.

तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. ऑफिसातला एक जण सांगतो, फोर-के घे, त्यात ठिपके इतके दाट की रेघ सुईने ओढल्यासारखी दिसते. दुसरा म्हणतो, वेडा आहेस का, त्यात अक्षरं मुंगीएवढी होतात आणि मग ती मोठी करत बसावं लागतं. सत्तावीस इंची घेतला तर दाटी चांगली, बत्तीस इंची घेतला तर पसारा मोठा. मारिविक म्हणते, कुठलाही आण पण एकदाचा आण, आणि मेजावर चार ताटं मांडायला जागा ठेव. तू काय म्हणतेस?

लोभ कमी होणार नाही हे माहीत आहे, तरी मागतोच.

तुझा धाकटा तोतो
एर्नेल

*

मियागाव
१९ सप्टेंबर

चि. तोतो,

तुला, मारिविकला आणि माझ्या लाडक्या भवानीला पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. लहानपणी जत्रेत भोवरा निवडायलाही तू सकाळची दुपार करायचास आणि शेवटी मी घेईन तोच घ्यायचास. आताही मलाच विचारतोस! मला मेलीला इंच कळतात ते कापडाचे. नाचता येईना अंगण वाकडं असं वर्गातल्या पोरांना मी उठता-बसता सुनवायची, ते तुलाही सुनवावंसं वाटलं. दार विसरलास तू आणि बोलणी खातोय पडदा.

इकडे कांद्याची रोपं लागली. डुकरीण व्यायली, पिल्लं गुबगुबीत आहेत. गुडघे मधून मधून रुसतात.

एक विचारायचं होतं. रेघा विस्कटतात त्या पडद्याच्या मधोमध की कडेला? आणि तू मान वळवून तिरकं बघितलंस तर त्या नीट दिसतात का? सहज विचारते. उत्तर मात्र विसरू नकोस. आणि तुझं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं रे? ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात. मी तुला असं लिहायला शिकवलं नव्हतं.

सांभाळून राहा आणि या म्हातारीवर माया ठेव.

तुझी मनांग
पर्लिता

*

हारो
२७ ऑक्टोबर

ती. मनांगला,

हात कपाळाला.

आला एकदाचा! सत्तावीस इंची, फोर-के. खोक्यातून निघाला तेव्हा लिराने मोठ्यांदा टाळ्या वाजवल्या. पण पहिल्या दिवशी सगळा विचका. मी वायर जुनीच लावली, त्यामुळे माउसचा बाण पडद्यावर म्हशीसारखा सुस्त चालायला लागला. शेवटी दुकानदाराने चांगली वायर दिली. त्या एकाच वायरीतून चित्रही जातं आणि लॅपटॉपही चार्ज होतो. मेज कसं मोकळं झालं, मारिविक खूश.

चित्र सुरेख आहे असं सगळे म्हणतात. लिराने तर दारात उभं राहून नकाशातली बारीक बारीक मापं धडाधड वाचून दाखवली. मला अजून सवय व्हायचीय. अक्षरं दीडपट केली, मग दुप्पट केली. उजेड वाढवला, कमी केला.

तू विचारलंस ते खरं आहे, मधोमधच. तिरकं बघितलं की बरं दिसतं. तुला कसं कळलं? या नव्या पडद्यालाही मधे एक करडा डाग आहे. मी तो दुकानात परत नेला. तिथली पोरगी बघत राहिली, म्हणाली मला काही दिसत नाही. भांडलो तेव्हा बदलून दिला. दुसऱ्यालाही तसाच डाग निघाला. एकाच खेपेतला माल असणार. आता बत्तीस इंची बघावा म्हणतो, दुसऱ्या कारखान्याचा.

ऑफिसात सध्या जपून वागतोय. एका जिन्याला एक पायरी कमी पडली होती. वेळेत दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. ही नोकरी गेली तर मला दुसरं काय येतं, मनांग? रेघा सोडून मी काही शिकलोच नाही.

माया असू दे.

तोतो

*

मियागाव
१५ डिसेंबर

चि. तोतो,

अनेक आशीर्वाद.

तिसरा पडदा आणू नकोस. हे मी रागावून नाही, हात जोडून सांगतेय.

परवा डोळ्यांची राखण करणाऱ्या सांता लुसियाचा सण होता. मी पहाटेच देवळात गेले. रांगेत डोळ्यांनी अधू माणसं इतकी होती की मला पुढे जायची लाज वाटली. ताटलीत डोळे घेऊन उभ्या असलेल्या त्या माउलीच्या डोळ्यांवरून मी तुझ्यासाठी रुमाल फिरवून आणला. तो सोबत आहे. रोज सकाळी तोंड धुतल्यावर त्याने पूस आणि तिचं नाव घे. हसू नकोस.

आणि डॉक्टरकडे जा. तुला आठवत नसेल, तू लहान होतास. आपले वडील, ताताय, जाळी विणायला बसले की म्हणायचे, कंदिलाची काच काजळलीय. आपली आई, नानाय बिचारी, रोज राखेने काच घासायची. काच लख्ख असायची रे. पुढे ताताय जाळ्याच्या गाठी बोटांनी चाचपायला लागले, तरी घरात कुणी एक शब्द काढला नाही. आपल्याकडे या दुखण्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते पुढच्याला ऐकू जातं असं आजी सांगायची. म्हणून मीही इतके दिवस आडून आडून विचारत राहिले. आता मात्र राहवत नाही. मारिविकला बरोबर घेऊन जा.

अंगण वाकडं म्हटलं ते मनावर घेऊ नकोस. माझी जीभच मेली तशी.

तुझी मनांग

*

हारो
२२ जानेवारी

ती. मनांग यांस,

मारिविकचा नमस्कार. हे पत्र त्यांना न सांगता लिहितेय. तुम्हालाही कळवू नकोस असं त्यांनी मला बजावलंय, पण हे ओझं एकटीने पेलवत नाही.

तुमचा रुमाल पोचला. ते रोज सकाळी मनोभावे सांता लुसियाचं नाव घेतात आणि त्या रुमालाने मॉनिटर पुसतात. पहिल्या दिवशी मला थट्टा वाटली. मग तोंड बघितलं तर थट्टा नव्हती. मी म्हटलं, अहो, मनांगनी तो डोळ्यांसाठी पाठवलाय. म्हणाले, डोळ्यांना काही झालेलं नाही, दोष पडद्यात आहे, तिला यातलं काय कळतं.

नाताळानंतर मीच भांडून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि पहिलाच प्रश्न केला की घरात आणखी कुणाला होतं का. हे नाही म्हणाले. मी तुमचं पत्र वाचलं होतं, मी हो म्हणाले. बाईंनी सांगितलं की मधली नजर जाणार, कडेची तेवढी राहील. चष्म्याचा उपयोग नाही, औषध नाही, आणि पडदा कितीही चांगला आणला तरी फरक पडायचा नाही. जीपनीत बसल्यावर हे मला म्हणाले की बाईंचं यंत्र जुनं दिसतं.

गेल्या आठवड्यात ऑफिसने नारळ दिला. फार गोड शब्दांत दिला. लॅपटॉप परत मागवला. तो खोक्यात भरताना यांनी वायरीची गुंडाळी इतकी नीट केली की मला स्वयंपाकघरात जाऊन रडावं लागलं.

लिराला काही सांगितलेलं नाही. मनांग, तुम्ही यांच्याशी बोला. तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकायचे नाहीत.

आमच्यावर छाया असू द्या.

तुमची
मारिविक

*

मियागाव
३० जानेवारी

चि. मारिविक,

आशीर्वाद, पोरी.

काय बोलू? तू सांगायच्या आधीच मला त्याच्या पहिल्या पत्राच्या अक्षरावरून कळलं होतं. तातायना मी हाताला धरून समुद्रावर नेत असे, तेव्हा त्यांना मी काय बोलले होते ते याला बोलू? काहीच बोलले नव्हते. तो म्हणतो दोष पडद्यात आहे, तर म्हणू दे. माणसाला धरायला काहीतरी लागतं. तू मात्र खचू नकोस. सुट्टी लागली की तिघंही इकडे या.

मी रोज देवळात जाते. तिथून येताना मन हलकं व्हायला हवं, ते होत नाही.

मनांग

*

हारो
१४ एप्रिल

ती. मनांगला,

तुझा हात कपाळाला.

अक्षर मोठं आहे, एका पानावर चार-पाच ओळीच मावतात, त्याबद्दल रागावू नकोस. हे पत्र मी एकट्याने, काळ्या जाड पेनाने लिहितोय. तुझी पत्रं हल्ली मारिविक मला वाचून दाखवते.

मी आता मान्य केलंय. डॉक्टरीणबाईंचं यंत्र जुनं नव्हतं. बाजारापाशी अंध लोकांचं मालिश केंद्र आहे ना, तिथे शिकायला जातो. शिकवणारा म्हणतो, तुझे हात चांगले आहेत, पण तू गिऱ्हाइकाच्या पाठीवर रेघा ओढतोस. बाकीचे हसले. मीही हसलो. वाईट माणसं नाहीत. पण घरी यायची वाट मी तिरकं बघत बघत चालतो, आणि मला सारखं वाटतं, एवढंच का आपलं?

मॉनिटर लिराला दिला. शाळेचा लॅपटॉप त्याला जोडून ती त्यावर घरं काढायची. मी शेजारी बसायचो, ती सांगायची कुठे दार, कुठे खिडकी. तेवढा वेळ बरा जायचा.

मनांग, काल तिने चित्र अर्ध्यात सोडलं. वैतागून म्हणाली, पापा, ह्या पडद्याला मधे डाग पडलाय. मी विचारलं, कडेला बघितलंस तर जातो का? म्हणाली, हो, तुम्हाला कसं कळलं?

मी तिला म्हटलं, "पडदाच खराब आहे बाळा. आपण दुसरा निवडू." तिचा लगेच विश्वास बसला. तेव्हापासून बत्तीस इंची हवा म्हणून मागे लागलीय.

मारिविकला अजून सांगितलेलं नाही. एक दिवस सांगावं लागेल, पण आज नको, या आठवड्यात नको. उत्तर तीच वाचणार आहे, लिरा शेजारी बसलेली असेल. म्हणून बाकी काही लिहू नकोस. सत्तावीस की बत्तीस, एवढंच कळव.

तुझा
तोतो