उत्साहात संपन्न

मंगळवार, ८ डिसेंबर. नागपूर

थंडी! हाडं गारठली. आमदार निवासातल्या गिझरचा लाल दिवा लागतो, पाणी काही तापत नाही. अर्धी बादली अंगावर घेतली आणि देवाचं नाव घेत बाहेर पडलो.

पण आज कशाचंच वाईट वाटत नाहीये. विधानसभेत लक्षवेधी लागली! गुरुवारच्या कामकाजात तिसऱ्या क्रमांकाला माझं नाव. विषय — वडप्याच्या पाड्याची मसणवट. पाड्यातली माणसं पिढ्यान्पिढ्या तिथे पुरलेली, वर नुसते दगड. कुणाचा दगड कुठला हे ज्याचं त्याला ठाऊक. आणि गोडाऊनवाल्याने सातबारा नाचवत चहूबाजूंनी पत्रे ठोकलेत. माझ्या साप्ताहिकात, 'खाडीकाठ'मध्ये, यावर मी किती लिहिलं! बोटं झिजली. कुणी ढिम्म हललं नाही. शेवटी लोकच म्हणाले, पेपरात लिहून होत नाही, तुम्हीच उभे राहा. राहिलो. पाड्याने एक मत इकडचं तिकडे होऊ दिलं नाही.

धाकल्याला फोन लावला. नाव धाकल्या, पण पाड्यातलं सगळ्यात म्हातारं माणूस. मी आमदार झालो तरी मला 'पेपरवाले'च म्हणतो.

"पेपरवाले, व्हईल ना? माझी म्हातारी तिथंच हाय. मला तिच्या बाजूलाच जायाचं हाय."

म्हटलं, होईल रे, पण तू एवढ्यात कुठे निघालास? खूप हसला. खोकला येईपर्यंत हसला.

बुधवार, ९ डिसेंबर

लॉबीत मंत्री भेटले. खांद्यावर हात. "तुळशीरामजी, देतो ना गोडाऊनच्या कामाला स्थगिती! तुम्ही बोला, मी उभा राहून देतो. विषय संपला." इतकं सोपं असतं हे? तीस वर्षं मी उगाच बोंबलत होतो का?

दुपारी धाकट्या भावाचा, धनेशचा फोन. "दादा, खारबावच्या शेताचं काय ते बोल. गोडाऊनवाले थांबायचे नाहीत. तुझ्या एका सहीसाठी अडलंय." म्हटलं, आलो की करतो सही. गोडाऊनच्या विरोधात अग्रलेख लिहिणारा माणूस स्वतःचं शेत गोडाऊनला देणार. लाज वाटते. इथे कोण वाचतंय म्हणून लिहिलं.

संध्याकाळी विनिताचा. मी आमदार झाल्यापासून पेपर तीच बघते, संपादक म्हणून नावही बायकोचंच लागतं. "अहो, पहिल्या पानाचं काय? उद्या संध्याकाळी अंक छापायला जाणार." साप्ताहिकाचं हेच दुखणं. हा शुक्रवार हुकला की बातमी आठ दिवस शिळी.

म्हणून आजच लिहून पाठवली. 'पाड्याच्या मसणवटीला अभय! आमदारांच्या लक्षवेधीवर मंत्र्यांची तातडीने स्थगिती.' खाली माझं भाषण, मंत्र्यांचं उत्तर, बाकं वाजली — सगळं. हात मुरलेला आहे. आमच्या धंद्यात यात नवीन काय? हळदीकुंकू, क्रिकेटचे सामने, पुढाऱ्यांचे वाढदिवस, सगळे आमच्याकडे आदल्या दिवशीच 'उत्साहात संपन्न' होतात. प्रमुख पाहुणे अंजूर फाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात आणि पेपरात त्यांनी मोलाचं मार्गदर्शन करून झालेलं असतं! कधी कुणाचं काही बिघडलं नाही.

विनिता म्हणाली, "हे झाल्यावरच छापायचं ना?"

"मग! झाल्यावरच."

गुरुवार, १० डिसेंबर

नाही झाली.

सकाळपासून गोंधळ. कुणीतरी कुणाला काहीतरी बोललं, झालं! फलक, घोषणा, तहकुबी, पुन्हा घोषणा. पहिलीच लक्षवेधी अर्धी राहिली. मी भाषणाचे कागद मांडीवर घेऊन बसून होतो. शेवटी दिवसभरासाठी तहकूब. सगळे हसत खेळत चहाला गेले.

लॉबीत असतानाच विनिताचा फोन. "छापखान्यातून माणूस ओरडतोय. झालं का? छापू का?"

मला म्हणता आलं असतं, थांब. दुसरी एखादी बातमी वर घे. पाण्याची, खड्ड्यांची — भिवंडीत बातम्यांना काय तोटा? पण डोळ्यांसमोर तो मथळा होता. माझं नाव, आठ कॉलम.

"उद्या होणारच आहे. मंत्र्यांचा शब्द आहे. छाप."

"अहो, पण झालं नाहीये ना?"

"तीस वर्षं पेपर काढतोय मी, विनिता! मला शिकवू नकोस!"

चारचौघांत ओरडलो. तिने फोन ठेवला.

शुक्रवार, ११ डिसेंबर

सकाळी रूपाने व्हिडिओ पाठवला. रूपा धाकल्याची मुलगी, वडप्यालाच एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. शिफ्ट बुडवून तिने अंक पाड्यावर नेला आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. म्हाताऱ्या बायका फेर धरून नाचतायत. शेवटी धाकल्या. कॅमेऱ्यात कुठे बघायचं ते त्याला कळत नव्हतं, पण बघत होता. खाली रूपाने लिहिलं होतं — 'बापानं पेपर प्लॅस्टिकमधी घातला. भिजू न्हाय म्हणून.'

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

दुपारी मंत्र्यांनी दालनात बोलावलं. "अभिनंदन!" म्हणाले आणि मोबाईल पुढे केला. त्यात 'खाडीकाठ'चं पहिलं पान. कुणी पाठवलं देव जाणे.

"तुमच्याच पेपरात विषय सुटलाय. सुटलेल्या विषयावर सभागृहाचा वेळ कशाला घ्यायचा? मागे घ्या लक्षवेधी."

म्हटलं, साहेब, मग स्थगितीचं निदान लेखी तरी द्या.

त्यांनी आवाज खाली घेतला. "तुळशीरामजी, सभागृहात न झालेलं कामकाज छापलंत तुम्ही. माझ्या तोंडी उत्तर घातलंत. हक्कभंग होतो याला. पहिल्याच टर्मला कशाला हे लचांड?" हसतच बोलत होते. चहा मागवला. चहात वेलची होती.

मी लक्षवेधी मागे घेतली. सही केली. अधिवेशन संध्याकाळी संपलं.

शनिवार, १२ डिसेंबर

विमानतळावर रूपाचे फोनवर फोन. स्क्रीनकडे बघत बसलो. उचलला नाही.

रविवार, १३ डिसेंबर. भिवंडी

काल सकाळीच पाड्यावर जेसीबी आला.

धाकल्याने प्लॅस्टिकमधून अंक काढला आणि तो यंत्रासमोर जाऊन उभा राहिला. "स्थगिती हाय! वाचा! आमदारानं आणली हाय!" ठेकेदाराच्या माणसाने अंक हातात घेतला, वाचला, घडी घालून परत दिला. वाईट नव्हता म्हणे तो माणूस. "बाबा, ये तो पेपर है. ऑर्डर किधर है?" पोलिसांनी तहसीलला फोन केला. तिथून उत्तर — असला कुठलाही आदेश आलेला नाही.

बाकीचे मागे सरले. धाकल्या सरला नाही. खणलेल्या चराच्या कडेला, म्हातारीच्या दगडापाशी उभा राहिला, अंक डोक्यावर धरून. कडेची माती सुटली. खाली गेला. खुबा मोडला, डोक्याला मार. कुणी ढकललं नाही, कुणी मारलं नाही. हे रूपानेच सांगितलं. त्यामुळे चिडायला कुणी मिळतच नाही — मी सोडून.

सरकारी दवाखान्यात गेलो. कॉटवर एवढासा दिसत होता. मला बघून उठायला लागला, रूपाने दाबून धरलं.

"पेपरवाले, तुमी तिथं बोललाव ना?"

इथे तरी खरं बोलायचं होतं मला. तोंड उघडलंही होतं.

"बोललो."

"मंग बरं. त्यानला अजून कागद भेटला नसंल. भेटंल. तुमी नको काळजी करू."

माझी समजूत काढत होता तो! बाहेर येऊन जिन्यातच बसलो. सोबतचे कार्यकर्ते म्हणाले, साहेबांना चक्कर आली, पाणी आणा.

सोमवार, १४ डिसेंबर

तहसीलदार म्हणतात, "साहेब, लेखी आणा, पुढच्या मिनिटाला काम थांबवतो." मंत्र्यांचा पीए म्हणतो, "साहेब दौऱ्यावर आहेत." काम चालू. दगड उचलून एका बाजूला ढीग केलाय. आता कुणाचा कुठला, कुणाला कळणार?

धाकल्याला ठाण्याला हलवलं. रूपा माझ्याशी एकच वाक्य बोलली. "साहेब, रक्त लागंल म्हणतात." कालपर्यंत तीही मला पेपरवालेच म्हणायची.

मंगळवार, १५ डिसेंबर

लिहवत नाही.

बुधवार, १६ डिसेंबर

जेवताना विनिताने विषय काढला. उद्या अंक जाणार.

"खुलासा छापायचाय. मागच्या अंकातली बातमी खोटी होती, असा."

"वेड लागलंय का तुला? हक्कभंग येईल. तो मंत्री टपूनच बसलाय."

"येऊ दे. खाली संपादक म्हणून माझं नाव आहे. खोटं मी छापलंय."

"तुला कोण विचारतंय? माझी आमदारकी पणाला लागेल!"

ताटावरून उठली नाही ती. भात कालवत राहिली. मग म्हणाली, "अहो, आमदारकी नव्हती तेव्हा आपल्याकडे काय कमी होतं? रस्त्यात माणसं थांबून बोलायची तुमच्याशी."

"पाड्यातले चार दिवस बोंबलतील. लोक विसरतात, विनिता."

बोललो आणि हातातला घास ताटात ठेवला. माझ्याच ऑफिसात, माझ्याच समोर बसून, किती पुढाऱ्यांनी हे वाक्य मला ऐकवलं होतं! तेव्हा मी उठून दार उघडून देत असे. चला, निघा. आज मला दार दाखवायला कुणी नव्हतं. विनिताने फक्त आमटी पुढे सरकवली.

"पहिल्या पानावर जागा सोडून ठेवते," म्हणाली. "काय टाकायचं ते तुम्ही सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर कोरी जाईल."

तिला ओळखतो मी. कोरीच पाठवेल.

गुरुवार, १७ डिसेंबर. सकाळ

धाकल्या गेला.

रूपाचा फोन. रडत नव्हती. "साहेब, बापाला कुठं नेऊ?"

वडप्याला पत्र्यांच्या आत जेसीबी चालू. गावच्या स्मशानात सरण रचतात, तिथे पुरू देत नाहीत. ठाण्याच्या दवाखान्याच्या दारात अँब्युलन्स उभी आहे आणि ड्रायव्हर विचारतोय, गाडी कुठे घ्यायची.

आयुष्यभर मी दुसऱ्यांना प्रश्न विचारले. आज साधा पत्ता सांगता येत नव्हता मला.

गुरुवार संध्याकाळ. खारबाव

आमच्या शेतात पुरला. बांधाजवळ, आंब्याखाली. पाडा दोन टेम्पोंतून आला. रूपाने ढिगातून आईचा म्हणून एक दगड उचलून आणला होता. तोच असेल का? तिला विचारलं नाही. तिने तो बाजूला ठेवला, मातीत घट्ट बसवला.

धनेश बांधावरून ओरडत होता — "दादा, आता या जमिनीला कुत्रं विचारायचं नाही!" म्हटलं, बरं झालं.

विनिताचा फोन आला. "छापखाना थांबलाय. छापू का?"

म्हटलं, थांब. शेवटची पाटी पडली, माती सारखी झाली, माणसं हात धुवायला गेली. मग सांगितलं. वर धाकल्याचं नाव घे. खाली लिही — स्थगिती कधी मिळालीच नव्हती. आमदार सभागृहात बोललेच नव्हते. बातमी आमदारांनी स्वतः, आदल्या दिवशी लिहिली होती.

आता छाप.