पान उलटायचं राहिलं

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्ता वर लिहिलाय, तो बाबांना सांगू नकोस. मी एका रोपवाटिकेत कामाला लागलोय. थंडीचे दिवस, म्हणून संध्याकाळी कोवळ्या रोपांवर काचेची झाकणं घालायची आणि सकाळी काढायची. बियाण्यांच्या दुकानावर खोली मिळालीय. खोलीत मी आणि एक खुर्ची. दोघांत खुर्ची शहाणी.

कॉलेज का सोडलं ते ऐक. फ्रेंचच्या वर्गातली खिडकीवाली, जिच्यावरून तू मला चिडवायचीस, तिने माझ्या वहीत अगदी खालच्या ओळीत लिहिलं, 'तू माझा क्लोश आहेस.' क्लोश म्हणजे घंटा, असं पुस्तकात होतं. पंधरा दिवस मी नुसता वाजत फिरलो. मग मोठ्या शब्दकोशात दुसरा अर्थ सापडला: बावळट. डोकं फिरलं. भर वर्गात वही तिच्या बाकावर आपटली आणि तडक निघालो. आता इथे माळीकाका या काचेच्या झाकणालाही क्लोशच म्हणतात. शब्द हात धुऊन मागे लागलाय.

लायक नसलो तरी लोभ असू दे.

तुझा धाकटा

१५ जानेवारी

चि. काडेपेटीस,
अनेक आशीर्वाद.

नाव शोभतं तुला. तुझी बॅग आणायला होस्टेलवर गेले, तेव्हा फ्रेंचच्या बाई भेटल्या. कोणाला न सांगता खोली सोडून जाण्याला तिकडे 'लाकडी घंटेनं घर बदलणं' म्हणतात म्हणे. लाकडाची घंटा वाजत नाही ना. म्हणजे इथेही तू क्लोशच. बाबा तुझं नाव काढत नाहीत, पण पोस्टमन दिसला की आधी चष्मा शोधतात.

खिडकीवालीलाही भेटले. वही तिच्याकडेच आहे. तुला नेमकं काय म्हणायचं होतं, असं विचारलं तर म्हणाली की, ते त्यानेच विचारावं. एक तारखेला ती तीन वर्षांसाठी परदेशी शिकायला चाललीय. तेव्हा नाक जरा खाली कर आणि दोन ओळी लिही.

जेवत जा. राग आला तरी माया तीच आहे.

ताई

२९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहिणार नव्हतो. तिने बावळट म्हणायचं आणि विचारायला मी जायचं, असं घोकत दहा दिवस काढले. काल सकाळी तिला पत्र लिहायला बसलो, फाडलं, परत लिहिलं. तेवढ्यात ऊन चढलं आणि झाकणं काढायची राहिली. अख्खा वाफा करपला. माळीकाका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की, काच थंडीत जपते आणि उन्हात तीच भाजते. सकाळी कडेला खडा लावून फट ठेव, वारा आत जाऊ दे.

करपलेली रोपं उपटताना आठवलं. मी तिला रोज बसपर्यंत सोडायचो. तिच्याशी कोणी दोन शब्द बोललं की भांडायचो. शेवटी तिच्या मैत्रिणीही तिच्या शेजारी बसेनाशा झाल्या. मी त्याला जपणं म्हणत होतो. ताई, तिला हाच अर्थ म्हणायचा होता का? सोबतचं पाकीट तिला दे. उशीर करू नकोस.

तुझ्या लोभावरच आहे.

धाकटा

३ फेब्रुवारी

चि. भावास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. ती परवा गेली. पाकीट न उघडता परत पाठवतेय. जाताना ती वही देऊन गेली, तीही पाठवतेय. वेड्या, तू पान उलटलं नव्हतंस. मागच्या बाजूला त्याच शाईत, त्याच तारखेचं पुढचं वाक्य आहे: 'पण दिवसा थोडी फट ठेवत जा, मला वारा हवा असतो.'

तिचा नवा पत्ता घेऊन ठेवलाय. म्हणशील तर लगेच कळवते.

ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वही मिळाली. मागचं पान इतक्यांदा वाचलंय की आता ते वही न उघडताही दिसतं.

पत्ता एवढ्यात पाठवू नकोस. हातात आला तर मी रोज लिहीन, उत्तर नाही आलं तर भांडीन. मला ओळखतेस. तुझ्याकडेच राहू दे.

करपलेल्या वाफ्यात नवीन बी टाकलंय. खोलीत अजूनही मी आणि खुर्चीच. हे लिहिताना दार जरा उघडं ठेवलंय, जिन्यावर कोणाचं पाऊल वाजलं तर कळावं म्हणून. अजून तरी कोणी आलेलं नाही.

बाबांना माझा पत्ता सांग.

तुझा धाकटा